बंद दुकानातला पारखी

१

दुपारी एक वाजला की मी दुकानाच्या फळ्या लावतो आणि चारला काढतो. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण हल्ली पर्यटक येतात, त्यांना सांगावं लागतं. गेल्या मे महिन्यात पुण्याचे एक गृहस्थ दीड वाजता दारात गाडीचा हॉर्न वाजवत उभे. कोकमाचं आगळ हवं होतं. मी खिडकीतून म्हटलं, चारला या. ते म्हणाले, "अहो, अशानं धंदा बुडेल तुमचा." मी म्हटलं, "त्रेचाळीस वर्षं बुडवतोय साहेब, अजून तळ लागलेला नाही." हसले बिचारे. चारला आले आणि सहा बाटल्या घेऊन गेले.

सांगायचा मुद्दा असा, की एक ते चार माझं दुकान कसं असतं ते मला डोळे मिटून ठाऊक आहे. कौलं तापून तडतडतात. पोत्यातून एखादी काजूबी घरंगळते. खाडीवरून वारा आला की खुंट्यांवरच्या सुंभाच्या गुंड्या हलतात. मागच्या खोलीला खिडकी नाही, छपरात एकच काचेचं कौल आहे. त्यातून पडलेला उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत जातो. त्या खोलीच्या मधोमध हातभर लांबरुंद काळा दगड जमिनीत बसलेला आहे. आजोबांनी दुकान बांधलं तेव्हाही तो होता. पातळी इतकी नेमकी की वजनकाटा आम्ही पहिल्यापासून त्याच्यावरच ठेवला. मी बाहेर ओसरीवर आडवा होतो आणि त्या सगळ्या आवाजांत मला झोप लागते. म्हणून त्यात नवा आवाज मिसळला तर मला जाग येते. यात माझी काही हुशारी नाही.

त्या दिवशी एकला दहा कमी असताना जानकी परब आली. आमच्या खाजणवाडीतलीच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली; सोळा माड आणि स्वतःचं तोंड, एवढ्या बळावर बाई उभी आहे. वाडीच्या बचतगटाची पेटी तिच्या घरी असते, कारण बायकांचा एकमेकींवर नसेल इतका तिच्यावर भरवसा.

"भिकूशेट, फळी लावू नकात हां. ह्यां भंगार तोलून घेवा."

तिने ओच्यातलं पुडकं गल्ल्यावर ओतलं. बोटभर लांबीची तार, मधे दुमडलेली, काळीकुट्ट. ढीगच होता.

"काय गो ह्यां?"

"जुन्यो गऱ्यो. माडाचो खड्डो मारी होतंय, थंय तांब्यो गावलो. तांब्यो पितळेचो आसा, तो मी देवचंय नाय. गऱ्यो तेवढ्यो घेवा."

आमच्याकडे वाकडी तार दिसली की माणसाला आधी मासे पकडायची गरी आठवते. त्यात तिची चूक नाही. "कधी गावले?"

"आठ दिस झाले. एक दोरयेक बांधून बघलंय, मासो काय लागलो नाय. तीन शेजारच्या राधाबायन व्हेल्यान, पडद्याक लावूक."

मी एक उचलली आणि काउंटरच्या संगमरवरावर टाकली. आवाज ऐकून माझा हात थांबला. लोखंड असं वाजत नाही.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मनात आलंच. भंगाराचा भाव दिला असता तर बाई हसत घरी गेली असती. पण तिने आतल्या काट्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. पाठ करून माझी कोकमं चाखत होती. गिऱ्हाईक काट्याकडे पाठ करून उभं राहिलं की व्यापाऱ्याचे हात बांधले जातात.

"जानके, ह्यो गऱ्यो नाय. चांदी आसा. जुना नाणां आसा ह्यां."

ती वळली. "नाणां? असला वाकडा?"

मी तलाठ्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत राधाबाईचा पडदा खाली आला, पाच पंच जमले, आणि माझ्याच काट्यावर वजन करून पंचनाम्यात लिहिलं गेलं: एकशे अठरा नग, पाचशे पंचावन्न ग्रॅम.

२

महिन्याभराने पुरातत्त्वाच्या ऋता मॅडम आल्या. पस्तिशीच्या, उन्हात रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. सापडल्या जागेजवळच नोंद करायची त्यांची पद्धत. त्यांना टेबल लावायला सपाट, थंड जागा हवी होती. मी काटा बाहेर हलवून मागची खोली दिली. रोज सकाळी दहाला पोलिसांची जीप मालवणहून नाणी घेऊन यायची आणि पाचला परत न्यायची. राखणीला शंकर हवालदार. एक ते तीन जेवणाची सुट्टी. तेव्हा खोलीला मॅडमचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्यांच्या पर्समध्ये, आणि मॅडम आमच्या घरी आनंदीच्या हातचं जेवायला.

मी सातवी शिकलेला माणूस. पुढचं सगळं गिऱ्हाइकांकडून शिकलो. त्यामुळे मॅडमच्या मागे लागून विचारून घेतलं. या नाण्याला लारी म्हणतात. नाव इराणातल्या लार गावावरून आलं, पण आदिलशाहीतही लाऱ्या पाडत आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांत त्या चालत. चांदीची तार दुमडून दोन्ही बाजूंनी ठसा मारायचा. काही तारांवर लहानसे चरे होते, तेही मॅडमनी भिंगातून दाखवले.

"हे तुमच्यासारख्या कुणा व्यापाऱ्याचं काम आहे, काका. छिन्नी मारून बघायचे, आतपर्यंत चांदी आहे ना."

"मग विश्वास नव्हताच तेव्हाही," मी म्हटलं.

"होता. पण तपासून झाल्यावर."

मला बाई आवडल्या.

त्यांच्या नोंदीच्या कागदात एक ओळ होती: शोधणाऱ्याचं नाव. तिथे त्यांनी जानकीला विचारून पूर्ण नाव लिहिलं. हे छापून येणार, पुस्तकात राहणार, असं सांगितलं. जानकीने कागदावरच्या नावावरून बोट फिरवलं. "माझ्या सासऱ्याचा नाव सातबाऱ्यार पण धड नाय," ती म्हणाली, "आणि माझा पुस्तकात?"

फोटो काढायला कोल्हापूरहून कौस्तुभ नावाचा एक तरुण आला होता. हौशी नाणेसंग्राहक, स्वतःहून मदतीला आलेला. गोड बोलायचा, आनंदीला मावशी म्हणायचा. आधी त्याने काळ्या कापडाखाली एकेक लारी घेऊन फोटो काढायचा, मग ती मॅडमकडे मोजमापाला आणि वजनाला जायची. माझ्या दुकानात जो यायचा तो त्या नाण्यांची किंमत विचारायचा. तलाठ्याने विचारली, शंकरने दोनदा विचारली, भटजींनीसुद्धा विचारली. कौस्तुभने विचारली नाही. ज्याला भाव ठाऊक असतो तोच भाव विचारत नाही, पण पाहुण्याबद्दल असं मनात आणणं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

त्या पहिल्या दुपारी ओसरीवर माझा डोळा लागला आणि उघडला.

टण्.

कौलं नव्हेत. काजूबीही नव्हे. मी श्वास धरून पडून राहिलो. पुन्हा: टण्. मग थोडा वेळ गेला, एक नग बाजूला ठेवून दुसरा उचलायला लागतो तेवढाच, आणि परत टण्. आवाज मागच्या खोलीतून येत होता. कुणीतरी काळ्या दगडावर चांदी वाजवून बघत होतं. घाई नव्हती. ज्याला दिवसभर तेच काम आहे त्याचा हात असा चालतो.

मी उठून बघितलं. दाराला कुलूप. समोर बाकावर शंकर तोंडावर टोपी ठेवून, पण जागा.

"शंकर, आवाज इलो?"

"कसलो? उंदीर आसतलो."

उंदीर, मीही म्हटलं. उंदीर नाणं वाजवून बघत नाही, हे मी त्याला बोललो नाही.

३

दुसऱ्या दिवशी तीनला मॅडमनी कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. टेबलावरचे ट्रे जसेच्या तसे होते. पण काळ्या दगडाच्या बरोबर मध्यावर एक लारी पडली होती, एकटी.

मॅडमनी हातमोजा घालून ती उचलली. तिच्यावर चरा होता. ताजा. आणि चऱ्याच्या आत लाल दिसत होतं.

"तांबं," त्या म्हणाल्या. "वरून चांदीचा मुलामा."

सकाळचा फोटो उघडून बघितला. त्या नगावर चरा नव्हता. मॅडमनी आधी कुलपाकडे बघितलं, मग शंकरकडे, मग माझ्याकडे. मला स्वतःच्याच दुकानात अवघडल्यासारखं झालं.

"जुन्या काळीही खोटी नाणी असायची," मी म्हटलं.

"असायची. ही तशी वाटत नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि काका, तो प्रश्न नंतरचा. चरा कुणी पाडला?"

कौस्तुभने भिंगातून बघितलं आणि त्याचा चेहरा जरा उतरला. मग सावरून म्हणाला, "मॅडम, त्या बाईंनी आठ दिवस हे घरात ठेवलं होतं ना? आठ दिवसांत बरंच काही करता येतं."

मी घरी जाऊन आनंदीला सांगितलं. ती मासे साफ करत होती. "जानकी?" ती म्हणाली. "ती भाजीत मीठ जास्त पडला तर शेजारी जावन सांगून येता. तिका मुलामो म्हंजे काय ता तरी ठावक आसा?"

"माका ठावक आसा. मॅडमक खंय ठावक?"

"मग तुमी आसात कित्याक?"

बायको असा प्रश्न विचारते आणि परत मासे साफ करायला लागते.

४

तिसऱ्या दिवशी मॅडमनी दाराला कुलूप लावून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांच्यावर सही केली. जेवायला आल्या नाहीत; शंकरच्या बाकावर दाराकडे तोंड करून बसल्या. मी ओसरीवर. कौस्तुभ कोपऱ्यातल्या खुर्चीत फोन बघत होता.

दीड वाजला. टण्.

मॅडमची मान वर झाली. शंकरने टोपी काढली. कौस्तुभचा अंगठा फोनवर थांबला. म्हणजे आता हे माझ्या एकट्याच्या कानांचं काम राहिलं नव्हतं, आणि मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं ते वेगळंच. आवाज एका लयीत येत होता. टण्. टण्. टण्. आम्हा चौघांची डोकी नकळत त्या लयीत हलायला लागली होती. मग एक आवाज वेगळा आला, बसका. आमच्या धंद्यात त्याला बद्द म्हणतात. त्यानंतर क्षणभर काही नाही. आणि मग जमिनीवर कुणी काहीतरी हलकेच ठेवल्याचा आवाज.

"उघडा," मी म्हटलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तीन वाजता."

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना धरायला नियम तरी होता.

तीनला पट्ट्या शाबूत होत्या. आत काळ्या दगडावर तीन लाऱ्या एका ओळीत होत्या. तिन्हींवर ताजे चरे, तिन्हींच्या आत लाल.

आता मॅडमचाही इलाज नव्हता. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काका, मी चोराचं नाव घेत नाही. पण चार खोटे नग निघाले हे मला उद्या कळवावं लागेल. पोलीस आधी जानकीबाईंकडेच जातील. आणि शोधणाऱ्याच्या नावाची ओळ मला रिकामी ठेवावी लागेल."

पाचची जीप निघायच्या आधीच बातमी वाडीभर झाली. संध्याकाळी बचतगटाच्या सहा बायका जानकीच्या घरी गेल्या आणि पेटी घेऊन आल्या. कुणी वाईट बोललं नाही. राधाबाई तर म्हणाली, "तुका त्रास नको म्हणान गो." जानकीने पेटीवरचं फडकं काढून घडी करून ठेवलं, किल्ली दिली आणि त्यांना चहा केला. हे मला तिनेच येऊन सांगितलं, माझ्या काउंटरसमोर उभी राहून.

"चाय पिली त्यांनी?"

"पिली. साखर कमी झाली म्हणाली राधाबाय." मग ती काउंटरवर वाकली. "भिकूशेट, मी थंयच पुरून ठेवलंय आसतंय तर बरा झाला आसता. गऱ्यो म्हणान तुमच्याकडे इलंय, आणि चोर होवन घराक जातंय."

मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत थांब."

का म्हटलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण घरी येऊन जेवताना एक गोष्ट लक्षात आली. आतला जो कोणी होता तो नासधूस करत नव्हता. खऱ्याला हात लावत नव्हता. खोटं तेवढं निवडून, चिरून, मांडून ठेवत होता. असं काम माणूस कुणासाठी तरी करतो. पारखी माल वेगळा करतो तो समोर बसलेल्याला दाखवायला. आणि तीन दुपारी त्याच्यासमोर बसायला कुणी गेलंच नव्हतं.

५

दुपारी मला आत बसू द्या म्हटल्यावर मॅडम नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, लिहून द्या. मी लिहून दिलं. त्यांनी माझे खिसे तपासले, शंकरने दोनदा तपासले. खांद्यावर पंचा होता तेवढा राहू दिला. एक वाजता त्यांनी मला आत घेतलं, कुलूप लावलं, पट्ट्या चिकटवल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

मी काळ्या दगडाच्या या बाजूला मांडी घालून बसलो. काटा आधीच बाहेर नेला होता. उन्हाचा चौकोन भिंतीजवळ होता. खोलीत सुक्या कोकमांचा वास. मनात हिशेबी विचार चालू होते: कौल सरकलं असेल, वरून कुणी दोरी सोडत असेल, शंकरच सामील असेल. एकेक तपासून बघत होतो आणि एकेक बाद होत होता. शेवटी उरलं ते एवढंच की मी चौसष्ट वर्षांचा माणूस, बंद खोलीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसलोय. ते तर मी रोज करतो.

उन्हाचा चौकोन दगडाला टेकला आणि आवाज सुरू झाला.

माझ्यासमोर, हातभर अंतरावर. टण्. मला काही दिसत नव्हतं. ट्रेमधल्या लाऱ्या हलताना दिसत नव्हत्या. पण उन्हातली धूळ सगळीकडे तरंगत होती आणि एका जागी तरंगत नव्हती. मी त्या जागेकडे बघणं सोडलं.

बद्द. तांब्याचा नग दगडावर आला होता. तो कधी आला ते मी बघितलं नाही. लय थांबली. थांबूनच राहिली. माझ्याकडून काहीतरी यायचं बाकी होतं.

उमेदवारीत मी कणकवलीच्या आठवडा बाजारात बैलांच्या दलालांपाशी उभा राहायचो. ते भाव तोंडाने बोलत नसत. हातावर पंचा टाकायचा, पंच्याखाली समोरच्याने बोटं दाबायची. पूर्ण पंजा दाबला की पाच. मग जितकी बोटं, तितके वर. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही आणि दोघांत खोटं बोलायला जागा राहत नाही. मी ते बघून बघून शिकलो होतो. चाळीस वर्षांत मला त्याची गरज पडली नव्हती.

मी उजवा हात दगडावर उघडा ठेवला आणि त्याच्यावर पंचा टाकला.

बराच वेळ काही झालं नाही. मग पंच्याची समोरची बाजू उचलली गेली.

हात गार होता. तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर लागतो तसा, कोरडा आणि गार. त्याने माझा पंजा धरला. दाब धंद्यातल्या माणसाचा होता: ना जास्त, ना कमी. पूर्ण पंजा. मग सोडला. मग चार बोटं.

नऊ.

पंच्यावर त्याच्या बोटांचे सांधे उठून दिसत होते, माझ्या बोटांच्या शेजारी. मी नजर हळूहळू पुढे नेली. पंचा संपतो तिथून मनगट बाहेर यायला हवं होतं. तिथे काळा दगड होता आणि दगडावर ऊन.

हात अजून तसाच होता. उत्तराशिवाय सौद्यातला हात सुटत नाही. मी पूर्ण पंजा दाबला, मग चार बोटं. नऊ, मान्य. त्याने माझ्या तळव्यावर तळवा टेकवला, पक्क्या झालेल्या सौद्याला टेकवतात तसा, आणि पंचा सपाट झाला.

दगडावर आता नऊ लाऱ्या होत्या. चार आधीच्या, पाच नव्या चिरलेल्या. मी त्यांना हात लावला नाही. तीन वाजेपर्यंत तसाच बसून होतो आणि सांगायला लाज वाटते, पण मला हसू येत होतं. असा पारखी मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

६

दार उघडलं तेव्हा बाहेर मॅडम, शंकर, कौस्तुभ आणि जानकी होती. जानकीला मीच बोलावलं होतं. मॅडमनी आत जाऊन दगडावरचे नग बघितले, ट्रेवरची ओळन्‌ओळ तपासली, बाहेर येऊन माझे खिसे परत बघितले.

"काका, आत काय झालं?"

"नऊ नग खोटे आहेत. एकशे नऊ खरे. एवढंच झालं." मी वजनकाटा पुढे ओढला. "मॅडम, तुम्ही एकेक नग तोलताय, निम्मे झालेत. पण पंचनाम्यात सगळ्यांचं मिळून वजन आहे. पाच पंचांच्या सह्या आहेत त्याच्यावर. सगळे एकत्र घाला. तांबं चांदीपेक्षा हलकं."

 मॅडम बोटं कपाळावर ठेवून पुटपुटल्या, "मला हे आधी सुचायला हवं होतं," आणि एकशे अठराच्या एकशे अठरा लाऱ्या काट्यावर ठेवल्या.

पाचशे एकोणपन्नास.

"सहा ग्रॅम कमी," मी म्हटलं. "पंचनाम्याच्या दिवशी सगळ्या चांदीच्या होत्या. त्यानंतर जानकीने यांना बोट लावलेलं नाही. म्हणजे बदलल्या त्या या टेबलावर. वजन व्हायच्या आधी."

वजन व्हायच्या आधी लाऱ्या एकाच माणसाच्या हातात असायच्या, काळ्या कापडाखाली. कौस्तुभ कॅमेऱ्याचं सामान आवरत होता. जरा जास्तच वेगात.

"साहेब," शंकर उठला, "पेटी उघडा बघू."

"लेन्सची पेटी आहे ती. धूळ जाईल."

"जाऊ दे. आमच्याकडे भरपूर आहे, हवी तेवढी परत भरून देऊ."

लेन्सखालचा स्पंज उचलला. खाली नऊ खाचा, येताना खोटे ज्यांत आणले त्याच असाव्यात, आणि त्यांत नऊ लाऱ्या. सगळ्यांत ठळक अक्षरांच्या.

"माझा संग्रह आहे," कौस्तुभ म्हणाला. मावशी वगैरे आता काही नव्हतं. "पाच वर्षांपासूनचा."

मॅडमनी एक लारी भिंगाखाली धरली. दुमडीत काळसर चिखल वाळून बसला होता आणि त्यात शिंपल्याचा चुरा. त्यांनी भिंग जानकीच्या हातात दिलं. जानकीने एक डोळा मिटून बघितलं.

"तुझ्या संग्रहाक आमच्या खाजणातलो चिखल कसो रे लागलो, बाबा?" ती म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी इललंस काय माझो खड्डो मारूक?"

शंकर एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग उठून त्याने कौस्तुभचा दंड धरला. मी काट्यावरचे नऊ खोटे काढले आणि मॅडमनी पेटीतले नऊ घातले. आकडे वर चढले, थरथरले, थांबले.

पाचशे पंचावन्न.

मॅडमनी तिथल्या तिथे नोंदीचा कागद ओढला. शोधणाऱ्याचं नाव लिहिलेलंच होतं. त्याच्याखाली त्यांनी स्वतःची सही केली, तारीख टाकली आणि कागद जानकीला वाचायला दिला. जानकीने मोठ्याने वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा दारातून बाहेर तोंड करून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. बचतगटाच्या बायका अंधार पडायच्या आत पेटी घेऊन तिच्या दारात हजर झाल्या. चहा तिने केला. साखर घातलीच नाही म्हणे.

७

पुढच्या रविवारी वाडीने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मान परशुराम गावकाराचा, पण त्याने नारळ माझ्या हातात दिला. "तुझ्या दुकानात झाला, तूच घाल." जागा म्हणून माझंच अंगण. फळ्या लावल्या, दुकान बंद केलं. मी तुळशीपाशी उभा राहिलो, दुकानाला पाठ करून. अंगण चिंचोळं, म्हणून चाळीसेक माणसं तुळशीच्या पलीकडे, माझ्याकडे तोंड करून. मधोमध जानकी, नव्या लुगड्यात. ऋता मॅडम मुद्दाम आल्या होत्या.

मी नारळ धरला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी आमी सगळे जमलंव!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या जानकीर जो काय आळ इलेलो, तो जसो इलो तसो मागे गेलो! तिचा नाव सोन्यासारख्या लखलखीत रवलां!"

"व्हय म्हाराजा!" अंगण दणाणलं. राधाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आणि जेणी कोणी खरा-खोटा येगळा करून आमका दाखवल्यान, तो खंयचो, कोण, आमका ठावक नाय! तेचो मान तेका पोचू दे, म्हाराजा!"

उत्तर आलं नाही.

मी वर बघितलं. चाळीस माणसं माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. सगळ्यांची नजर एकाच जागी होती, माझ्या डोक्याच्या थोडी वर. शंकरने टोपी काढली. राधाबाईने पदर डोक्यावर घेतला. मॅडमचा हात आपोआप वहीकडे गेला आणि वही न उघडताच थांबला. कुणी ओरडलं नाही, कुणी मागे सरलं नाही. माझ्या मानेला गार लागलं, कोरडं गार, आणि मी वळलो नाही. सौदा झाल्यावर मागे वळून बघू नये एवढी रीत मला कळते.

मग जानकीने हात जोडले आणि एकटीने, मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आणि तिच्या पाठोपाठ सगळी वाडी.

नारळ एका घावात फुटला. खोबरं वाटलं, माणसं हसत बोलत पांगली. मी जानकीला गाठलं आणि हळूच विचारलं, "माझ्या पाठीमागे काय होता गो?"

तिने बंद फळ्यांकडे बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नात मान मिळालेल्या बाईसारखी दिसत होती.

"आमी जोडले ना, भिकूशेट," ती म्हणाली, "तसे तेणांय हात जोडल्यान. माका."